दोन-तीन मॉनिटर जोडल्यावर रेझोल्यूशन बिघडले तर : केबलपासून सेटिंगपर्यंत तपासणीचा क्रम

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत मारुती चौकात शिरले, तेव्हा हिशेब आणि विवरणपत्रांचे काम करणाऱ्या आमच्या लहानशा कार्यालयातील सगळे संगणक आम्ही एका रात्रीत वरच्या मजल्यावर हलवले. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या आणि यंत्रे पुन्हा खाली आणून, हाताला लागेल ती केबल सापडेल त्या पोर्टमध्ये घालून सुरू केली. प्रत्येक टेबलावर दोन मॉनिटर होते. एकावर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचे संकेतस्थळ अशी कामाची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी एका टेबलावरचा उजवीकडचा मॉनिटर १०२४ × ७६८ (आडवे × उभे ठिपके) या रेझोल्यूशनच्या पुढे जाईना. अक्षरे जाड व आडवी ताणलेली दिसत होती आणि सेटिंगच्या यादीत १९२० × १०८० हा पर्यायच उरला नव्हता.

दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत निदान केले की फॉरमॅट मारावा लागेल. आम्ही होकार दिला. दीड दिवस गेला, टॅलीचा डेटा परत भरला, प्रिंटर पुन्हा जोडला, आणि मॉनिटर होता तसाच १०२४ × ७६८ वर राहिला. दोष केबलमध्ये होता. आपला खरा आकार संगणकाला कळवण्यासाठी मॉनिटर ज्या तारा वापरतो, त्या तारा त्या केबलमध्ये मुळात नव्हत्याच.

त्यानंतर मार्केट यार्डातील एका अडत दुकानात, मिरजेच्या एका छापखान्यात आणि ओळखीच्या तीन-चार कार्यालयांत हाच त्रास मी पाहिला आणि बहुतेक ठिकाणी सोडवलाही. म्हणून हा लेख लिहीत आहे. तो विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. संगणक उघडण्याचे किंवा डाग देण्याचे कोणतेही काम यात नाही.

काम सुरू करण्यापूर्वी जवळ काय ठेवावे

- प्रत्येक मॉनिटरचा मॉडेल क्रमांक. तो मागच्या चिकटपट्टीवर असतो. मॉनिटर भिंतीला टेकलेला असेल, तर मोबाइलने फोटो काढून वाचा.
- मॉनिटरची माहितीपुस्तिका, खरेदीचे बिल आणि हमीपत्र. हमीची मुदत संपलेली नसेल, तर सदोष केबल किंवा मॉनिटर बदलून मागताना बिल लागतेच.
- संगणकाचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा मॉडेल क्रमांक आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड.
- एक खात्रीची केबल, म्हणजे दुसऱ्या संगणकावर पूर्ण रेझोल्यूशनने चालताना तुम्ही स्वतः पाहिलेली. या कामातील हे सर्वांत मोलाचे साधन आहे.
- पेनड्राइव्ह, बॅटरी, कागद आणि पेन. मी कागद-पेन मुद्दाम सांगत आहे, कारण तिसऱ्या अदलाबदलीनंतर कोणती केबल कुठे होती हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पायरी १ : मॉनिटरचा मूळ आकार शोधा

एलसीडी किंवा एलईडी मॉनिटरच्या पडद्यावर ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. त्या संख्येला मूळ रेझोल्यूशन म्हणतात आणि मॉनिटर फक्त त्याच आकारात खरा स्पष्ट दिसतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, तर ३८४० × २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. संगणकाने कमी ठिपक्यांचे चित्र पाठवले, तर मॉनिटर ते ताणून पडदा भरतो. आपल्याला दिसणारी धूसरता हा त्या ताणण्याचाच परिणाम असतो.

मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर मूळ रेझोल्यूशन शोधा आणि कागदावर लिहा. नंतर मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडून ‘इन्फॉर्मेशन’ हा भाग पाहा. या क्षणी मॉनिटरला कोणते रेझोल्यूशन आणि किती हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा नव्याने उमटणारा, संकेत मिळत आहे, हे तिथे दिसते. विंडोज सांगते तो आकार आणि मॉनिटर सांगतो तो आकार यांत फरक आढळला, तर वाटेत काहीतरी बदल होत आहे, हे तिथेच कळते.

आपल्याकडील जुन्या कार्यालयांत साडेअठरा इंची मॉनिटर अजून पुष्कळ आहेत आणि त्यांचे मूळ रेझोल्यूशन बहुधा १३६६ × ७६८ असते. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर हे मॉनिटर अनेकदा १३६० × ७६८ वर अडकतात. मॉनिटर आपल्याला चालणाऱ्या आकारांची जी ठरावीक यादी कळवतो, तिच्यात रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठाने निःशेष भाग जात नाही. अशा मॉनिटरला डीव्हीआय किंवा एचडीएमआय पोर्ट असेल, तर ती केबल वापरा. नसेल, तर सहा ठिपक्यांच्या फरकासाठी दिवस घालवू नका. मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबून चित्र नीट बसवून घ्या आणि कामाला लागा.

पायरी २ : केबल संगणकाच्या नेमक्या कोणत्या पोर्टमध्ये आहे ते पाहा

संगणक बंद करा, भिंतीवरचे बटणही बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात मागची बाजू पाहा. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, त्याच्या मागे चित्र पाठवणाऱ्या पोर्टचे दोन गट दिसतात. एक गट यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टशेजारी उभ्या पट्टीत असतो, तो मदरबोर्डचा. दुसरा त्याच्या खाली आडव्या पट्टीत असतो. तो ग्राफिक्स कार्डाचा. सर्व मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच जोडावेत, हा नवख्यांसाठी सुरक्षित नियम आहे.

मदरबोर्डच्या पोर्टमागे प्रोसेसरमधील ग्राफिक्स काम करते. कार्ड बसवले की अनेक संगणकांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते ग्राफिक्स आपोआप बंद होते आणि त्या पोर्टचा मॉनिटर काळा राहतो. ते चालू असले, तरी त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळा असतो आणि तो बसवलेला नसेल, तर कमी रेझोल्यूशनचे चित्र मिळते. शिवाय काही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरी ‘एफ’ हे अक्षर असते, ते अशा प्रकारचे असतात. तिथे मदरबोर्डच्या पोर्टमध्ये केबल घालून वाट पाहणे व्यर्थ आहे. पुरानंतरच्या घाईत आमच्याकडे दोन टेबलांवर हीच चूक झाली होती आणि केबल खालच्या पोर्टमध्ये घालताच दोन्ही मॉनिटर पूर्ववत झाले.

पोर्ट चार आहेत म्हणून चार मॉनिटर चालतीलच असे नाही. एकाच वेळी किती मॉनिटर चालवता येतील, याची मर्यादा ग्राफिक्सच्या रचनेत असते आणि ती उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेली असते. इंटेलच्या जुन्या अंगभूत ग्राफिक्सवर ही मर्यादा दोन होती. २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून ती तीन झाली. तिसरा मॉनिटर विकत घेण्याआधी एवढी एक ओळ वाचून घ्या.

पायरी ३ : केबल आणि कन्व्हर्टर तपासा

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी या पायरीवरच संपतात, म्हणून येथे घाई करू नका.

मॉनिटर जोडला की तो आपला उत्पादक, मॉडेल, चालणारे आकार आणि हर्ट्‌झ यांची एक छोटी नोंद संगणकाला पाठवतो. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. वेसा या संस्थेने १९९४ मध्ये तिचा पहिला नमुना ठरवला आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा असतो. विंडोजमधील रेझोल्यूशनची यादी मुख्यतः या नोंदीवरून तयार होते. नोंद पोहोचली नाही, तर समोर कोण आहे हे संगणकाला कळत नाही आणि मॉनिटरला इजा होऊ नये म्हणून तो जपून, कमी आकाराचे चित्र पाठवतो. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केले की तो सापडतो) ‘मॉनिटर्स’ या शीर्षकाखाली ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे नाव दिसते. त्यातील ‘नॉन’ हा शब्द नीट पाहा. नुसते ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ असेल, तर नोंद पोहोचलेली आहे आणि काळजीचे कारण नाही.

निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. ही नोंद १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते आणि त्या दोन्ही टोकाच्या अरुंद बाजूच्या ओळीत असतात. मधल्या ओळीतील ९ क्रमांकाची पिन अनेक चांगल्या केबलमध्येही नसते, त्यामुळे एक पिन कमी दिसली म्हणून केबल फेकू नका. मात्र स्वस्त केबलमध्ये पिना असूनही आत तारा जोडलेल्या नसतात आणि हे बाहेरून ओळखता येत नाही. आमच्याकडची केबल अशीच निघाली. खात्रीची केबल लावून पाहणे, हाच त्यावर भरवशाचा उपाय आहे. ज्यांच्या यंत्रांना पुराचे किंवा गळक्या छताचे पाणी लागले आहे, त्यांनी पिनांवर हिरवट किंवा पांढरा थर चढला आहे का, हेही पाहावे. तसा थर असेल, तर केबल घासत बसण्यापेक्षा बदलावी. व्हीजीए आणि डीव्हीआय केबलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत. एक स्क्रू सैल राहिला की टोक तिरके होते आणि एखादी पिन टेकत नाही.

केबलची क्षमताही पाहावी लागते. सिंगल लिंक डीव्हीआय ६० हर्ट्‌झवर १९२० × १२०० पर्यंत जाते, तर ड्युअल लिंक डीव्हीआय २५६० × १६०० पर्यंत. एचडीएमआय १.४ वर ३८४० × २१६० चे चित्र ३० हर्ट्‌झवर मिळते; तेच ६० हर्ट्‌झवर हवे असेल, तर मॉनिटर, केबल आणि संगणक हे तिन्ही एचडीएमआय २.० च्या क्षमतेचे लागतात. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडण्याचा आणखी एक प्रकार) १.२ वरही ते ६० हर्ट्‌झवर चालते. माउसचा बाण अडखळत, मागून ओढल्यासारखा फिरत असेल, तर रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, ३० वर आला आहे का, ते आधी पाहा. ५९.९४ असा आकडा दिसला, तर तो मात्र दोष नाही.

आता कन्व्हर्टर. सांगलीच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या या लहान डब्या पाहून सगळे एकसारखेच वाटते, पण त्यांना दिशा असते, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल चालते. तीच केबल उलटी लावून संगणकाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे नेली, तर चित्र येत नाही. त्या दिशेसाठी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला सक्रिय कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआयमधून व्हीजीए करताना डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करावे लागते, म्हणून तिथेही आत चिप असलेलाच कन्व्हर्टर हवा, आणि पुरेशी वीज मिळाली नाही तर त्याचे चित्र लुकलुकते. ज्या कन्व्हर्टरला बाजूला यूएसबीची छोटी तार जोडण्याची सोय असते, तो निवडावा. साध्या आणि जुन्या प्रकारच्या डिस्प्लेपोर्ट–एचडीएमआय कन्व्हर्टरची मर्यादा साधारण १९२० × १२०० इतकीच असते. २५६० × १४४० चा मॉनिटर त्यावर पूर्ण चालत नाही आणि दोष विनाकारण मॉनिटरला दिला जातो.

मार्केट यार्डातील अडत दुकानात हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या एका पडद्यावर आणि खतावणी दुसऱ्या पडद्यावर हवी होती. त्यांना दुकानदाराने एचडीएमआय स्प्लिटर दिला. स्प्लिटर एकच चित्र दोन मॉनिटरवर दाखवतो. दोन वेगळी चित्रे त्यातून कधीच मिळत नाहीत. विंडोजला तिथे एकच मॉनिटर दिसतो आणि दोन्ही मॉनिटर वेगळ्या आकाराचे असतील, तर सहसा लहान मॉनिटरला झेपेल तेवढेच रेझोल्यूशन दोघांना मिळते. त्यांच्या संगणकाला मागे व्हीजीएचा एक पोर्ट रिकामाच होता. स्प्लिटर काढून दुसरा मॉनिटर त्या पोर्टला जोडला आणि काम झाले.

पायरी ४ : एका वेळी एकच गोष्ट बदलून अदलाबदल करा

समजा, डावा मॉनिटर ठीक आहे आणि उजवा बिघडलेला आहे. प्रथम दोन्ही मॉनिटरच्या मागील केबलची टोके एकमेकांत बदला; संगणकाकडील टोकांना हात लावू नका. बिघाड डाव्या मॉनिटरकडे गेला, तर दोष केबलमध्ये किंवा संगणकाच्या पोर्टमध्ये आहे. बिघाड उजवीकडेच राहिला, तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या मेनूतील सेटिंगमध्ये आहे. पहिल्या स्थितीत पुढे संगणकाकडील टोके बदला, म्हणजे केबल की पोर्ट याचा निकाल लागतो. दोन्ही मॉनिटरचे पोर्ट वेगळ्या प्रकारचे असल्याने अदलाबदल शक्य नसेल, तर खात्रीची केबल आणि दुसरा संगणक वापरून हाच निकाल काढता येतो.

प्रत्येक बदलानंतर कागदावर एक ओळ लिहा. केबलही बदलली, ड्रायव्हरही टाकला आणि सेटिंगही फिरवले, आणि मग चित्र सुधारले, तर कशामुळे सुधारले ते कळत नाही. पुढच्या महिन्यात तोच त्रास परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या कार्यालयात ही वीस मिनिटांची चाचणी आधी केली असती, तर फॉरमॅटमध्ये गेलेला दीड दिवस वाचला असता. विवरणपत्रांची मुदत जवळ आलेली असताना दीड दिवसाची किंमत काय असते, हे या व्यवसायातील कोणालाही सांगावे लागणार नाही.

केबल बदलताना मॉनिटर आणि संगणक बंद ठेवा. दोघांचे प्लग अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डात असावेत. गावभागातील जुन्या वाड्यांत अर्थिंग नसलेल्या सॉकेटमुळे एचडीएमआयच्या टोकाला हात लावताच झिणझिणी येते. ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. अशा गळतीने पोर्ट जळू शकतो. वायरमनला आधी बोलवा.

पायरी ५ : ड्रायव्हर पाहा

सर्वच मॉनिटरचे रेझोल्यूशन एकाच वेळी बिघडले असेल, तर केबलपेक्षा ड्रायव्हरचा संशय अधिक. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेला नाही आणि विंडोज तात्पुरत्या ड्रायव्हरवर चालत आहे. या स्थितीत रेझोल्यूशन बदलण्याचा पर्याय अनेकदा फिका, न दाबता येणारा दिसतो आणि दुसरा मॉनिटर सापडतच नाही.

ड्रायव्हर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. लॅपटॉप असेल, तर आधी लॅपटॉपच्या उत्पादकाच्या पानावर त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर वापरा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ असे सांगणारी सॉफ्टवेअर टाळा. त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी येतात आणि कधी चुकीचा ड्रायव्हरही बसतो.

विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिस्प्ले अडॅप्टरच्या नावावर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या भागात जा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. हे बटण फिके असेल, तर आधीचा ड्रायव्हर जतन झालेला नाही. तो उतरवून घेऊन बसवावा लागेल. नावासमोर पिवळा त्रिकोण आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कोड ४३’ असेल, तर विंडोजने ते उपकरण बिघाडामुळे थांबवले आहे. ड्रायव्हर नव्याने बसवूनही हा कोड गेला नाही, तर कार्ड जाणकाराला दाखवा.

पायरी ६ : विंडोजचे सेटिंग

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. वर १, २, ३ असे चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबले की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा क्रमांक उमटतो. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते: चौकोन १ निवडलेला असताना रेझोल्यूशन बदलले जाते आणि बिघडलेला मॉनिटर असतो २. ज्या मॉनिटरचे सेटिंग बदलायचे, त्याचा चौकोन आधी निवडा, मगच खाली जा.

त्यानंतर त्याच पानावर ‘एक्स्टेंड’ आहे की ‘डुप्लिकेट’ ते पाहा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही मॉनिटरना एकच चित्र जाते, म्हणून दोघांना झेपेल असाच आकार सहसा निवडला जातो. १९२० × १०८० च्या मॉनिटरसोबत १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर डुप्लिकेट केला की चांगला मॉनिटरही खाली येतो. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले, तर प्रत्येक मॉनिटर आपापल्या आकारात चालतो.

रेझोल्यूशन आणि स्केल (अक्षरे व चित्रे किती मोठी दाखवायची, त्याचे प्रमाण) यांची गल्लत करू नका. अक्षरे लहान वाटतात म्हणून रेझोल्यूशन कमी करणे चूक आहे. रेझोल्यूशन मूळ आकारावरच ठेवा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. दोन मॉनिटरचे स्केल वेगवेगळे ठेवता येते, मात्र काही जुनी सॉफ्टवेअर एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेली की धूसर दिसतात. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘कंपॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ या मार्गाने जा, ‘ओव्हरराइड’च्या चौकटीत खूण करा आणि ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. मिरजेच्या छापखान्यातील जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला हा उपाय लागू पडला. तिथे आधी मॉनिटर बदलण्याची तयारी झाली होती.

हवा तो आकार यादीत नसेल, तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून डेस्कटॉपचा आकार आणि मॉनिटरला प्रत्यक्ष जाणाऱ्या संकेताचा आकार हे दोन्ही आकडे वाचा. डेस्कटॉप लहान आणि संकेत मोठा असेल, तर ताणण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करत आहे आणि मॉनिटर निर्दोष आहे. त्याच पानावर ‘डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज’मध्ये ‘लिस्ट ऑल मोड्स’ असे बटण आहे. मुख्य यादीत नसलेला आकार कधीकधी तिथे मिळतो.

ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण पॅनेलमधून स्वतःच्या मनाने नवा आकार तयार करण्याची सोयही असते. तो मार्ग शेवटचा समजा. केबल दुरुस्त न करता बळजबरीने आकार लादला, तर चित्र काही दिवस चालते आणि एखाद्या अपडेटनंतर पुन्हा जाते.

पायरी ७ : पडदा काळा झाला किंवा ‘आउट ऑफ रेंज’ आले तर

घाबरून संगणकाचे बटण दाबून ठेवू नका. विंडोजमध्ये आकार बदलल्यावर ‘कीप चेंजेस’ दाबले नाही, तर १५ सेकंदांत जुना आकार परत येतो. म्हणून हात बाजूला ठेवा आणि मनात वीस अंक मोजा. तरीही चित्र आले नाही, तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघड्या फायली जशाच्या तशा राहतात.

त्यानेही जमले नाही, तर बाकीचे मॉनिटर काढून एकच, खात्रीचा मॉनिटर जोडा. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडा, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा ‘रीस्टार्ट’ करा आणि येणाऱ्या यादीतून ३ हा आकडा दाबा. संगणक कमी रेझोल्यूशनमध्ये सुरू होईल आणि चुकलेले सेटिंग सुधारता येईल. ज्या संगणकावर ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा सोयीने कुलूपबंद केलेला आहे, तिथे या मार्गावर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, तेव्हा ती आधी शोधून ठेवा.

पायरी ८ : टीव्ही, लॅपटॉप आणि डॉक

टीव्ही मॉनिटर म्हणून जोडला आणि टास्कबार पडद्याच्या बाहेर गेला, तर रेझोल्यूशन बरोबर असूनही टीव्ही चित्राच्या कडा कापत आहे. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच अर्थाचे सेटिंग सुरू करा. नाव उत्पादकागणिक बदलते.

लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह आहे का, ते पाहा आणि माहितीपत्रकात खात्री करा. डिस्प्लेलिंक पद्धतीच्या डॉकला (लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणाऱ्या डबीला) स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. डिस्प्लेपोर्टवरील काही मॉनिटर बटणाने बंद केले की संगणकाला ते काढून टाकल्यासारखे वाटते आणि सर्व खिडक्या एका मॉनिटरवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू ठेवा.

सर्व जमल्यावर लगेच करायचे काम

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच क्रमांक लिहा आणि संगणकाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. प्रत्येक मॉनिटरसाठी मॉडेल, मूळ रेझोल्यूशन, हर्ट्‌झ, केबलचा क्रमांक आणि संगणकाचा पोर्ट ही माहिती एका कागदावर लिहून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या वरच्या खणात ठेवा. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले, तेव्हा आम्ही यंत्रे वर नेली आणि परत आणून जोडली. या वेळी त्या कागदावरून सगळे मॉनिटर पहिल्याच प्रयत्नात १९२० × १०८० वर सुरू झाले, आणि जोडणी करणारी मुलगी कामाला लागून जेमतेम महिनाभर झाला होता.